ऑनलाइन स्ट्रेस मॅनेजमेंटचा कोर्स लोक अर्ध्यात सोडतात, काय करावं?

एचआर_जळगाव

नमस्कार मंडळी. मी जळगाव एमआयडीसीत पाइप बनवणाऱ्या एका कंपनीत एचआरला आहे. जानेवारीत आम्ही सगळ्यांसाठी ८ आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स घेतला, दर आठवड्याला ४० मिनिटांचा व्हिडिओ, मग प्रश्नावली, मग घरी करायचा सराव. पहिल्या आठवड्यात उत्साहच उत्साह, चौथ्या आठवड्यात बघते तर शेवटपर्यंत पाहणारे ११ जण आणि त्यातले ९ ऑफिसचे. शॉप फ्लोअरला चक्कर मारली तर एक्स्ट्रुडरच्या, म्हणजे पाइप काढणाऱ्या मशीनच्या, पॅनलवर एकाचा मोबाईल उलटा ठेवलेला, आतून आवाज येतोय डोळे मिटा, खांदे सैल सोडा, आणि तो दादा तिकडे हातमोजे घालून डाय साफ करतोय. विचारलं तर म्हणे, "ताई, ती बाई काय बोली राहिनी माले काहीच समजत नही, पन हजेरी लागाले जोयजे ना."

मला राग नाही आला, वाईट वाटलं, कारण ह्याच दादाला मी गेल्या महिन्यात कॅन्टीनच्या मागे एकटंच डोळे पुसताना पाहिलंय. नाईट शिफ्ट, हप्ते, घरच्या कापसाला भाव नाही, ताण खराच आहे हो. मॅनेजमेंट म्हणतं सक्ती करा नाहीतर बंद करा. मला दोन्ही नकोय. कुणी केलंय का असं काही?

फिटर_भुसावळ

ताई मी कामगार आहे, कामगाराच्या बाजूने लिहितो, राग मानू नका. पहिली गोष्ट भीती. लॉगिन एम्प्लॉयी कोडने असेल तर आम्ही खरं कधीच लिहिणार नाही. मी आधी जिथे होतो तिथे एकाने प्रश्नावलीत लिहिलं की रात्री झोप येत नाही, पुढच्या महिन्यात त्याला क्रेनवरून काढून स्टोअरला बसवलं, सेफ्टीसाठी म्हणे. त्याचा ओव्हरटाइम गेला. त्याने घराचं कर्ज ओव्हरटाइमच्या हिशोबाने घेतलं होतं. तेव्हापासून आख्ख्या डिपार्टमेंटने सगळ्या प्रश्नांना "उत्तम" वर टिक केली, आज पण करत असतील.

दुसरं म्हणजे वेळ आणि नेट. फ्लोअरवर मोबाईल वापरला तर मेमो मिळतो, मग बघायचं कधी, घरी. घरी दिवसाचा दीड जीबी, तो संध्याकाळपर्यंत पोरांनी संपवलेला.

आणि अशा कोर्समधला तो झोपेचा व्हिडिओ. थंड, अंधाऱ्या, शांत खोलीत झोपा. आमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर जातं, नाईट करून सकाळी ८ ला घरी आलो की १० वाजता पत्रा तापायला लागतो, कूलरमध्ये पाणी नाही, गल्लीत लग्नाचा डीजे. तो व्हिडिओ बघून मला अजून टेन्शन आलं, खरं सांगतो. त्यापेक्षा सलग ७ नाईट न लावता ३ लावल्या असत्या तर मी त्या बाईंचे सगळे व्हिडिओ पाहिले असते.

अमळनेरकर

आमच्याकडे बक्षीस ठेवलं होतं, कोर्स पूर्ण करणाऱ्याला ५०० चं कूपन. कूपन होतं तोवर गर्दी, संपलं की सगळे गायब. त्यात काही जणांनी पोरांना बसवून व्हिडिओ संपवून घेतले. म्हणून सांगतो, त्या वाटेला जाऊ नका.

समुपदेशक_धुळे

फिटरभाऊंनी मुद्द्याचं लिहिलंय. मी कंपन्यांसाठी समुपदेशन करते, माझा अनुभव सांगते.

लोक गळणं ही तुमच्याच कंपनीची गोष्ट नाही. गुंथर आयझेनबाख या संशोधकांनी २००५ मध्येच ऑनलाइन आरोग्य कार्यक्रमांतल्या गळतीवर लिहिलं होतं, की गळती अपवाद नसून अशा कार्यक्रमांचं लक्षणच आहे. एकट्याने स्क्रीनसमोर बसून करायचे कोर्स जास्त सुटतात, आणि मध्ये मध्ये कुणी माणूस विचारपूस करत असेल तर लोक जास्त टिकतात. आठवड्यातून ५ मिनिटांचा फोन, एवढंच. "मागच्या वेळी तुम्ही श्वासाचं करून बघणार होतात, जमलं का" इतकं विचारलं तरी समोरचा पुढच्या आठवड्याला येतो. पण फोन कंपनीच्या माणसाने करायचा नाही, बाहेरच्या समुपदेशकाने करायचा, आणि कुणाशी काय बोलणं झालं ते एचआरला कळणार नाही हे मराठीत एका कागदावर लिहून नोटीस बोर्डवर लावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे, तो हक्क कागदावरून फ्लोअरपर्यंत आला पाहिजे.

४० मिनिटं विसरा. एका वेळी एकच गोष्ट शिकवा. उदाहरणार्थ श्वास आत घ्यायला ४ मोजा, सोडायला ६, असं ३ मिनिटं. सोडतानाचा श्वास लांबला की हृदयाचे ठोके जरा संथ होतात, माणसाला ते स्वतःच्या अंगावर कळतं, आणि कळलं की तो परत करतो.

आता थोडं कडू बोलते. २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांचा अभ्यास आला, ब्रिटनमधले ४६,३३६ कर्मचारी, त्यात अॅप, रेझिलियन्सचे (ताण झेलायला शिकवणारे) वर्ग वगैरे घेणारे आणि न घेणारे यांच्यात फारसा फरकच दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही कर्मचाऱ्याला शिकवण्याबरोबर कामाची रचना बदलणं आणि सुपरवायझरला प्रशिक्षण देणं आहे. फोरमन सगळ्यांसमोर आईबहिणीवरून बोलत असेल तर श्वास मोजून काय होणार? कोर्स आधी त्याला द्या.

आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ कॅन्टीनमध्ये मोठ्या अक्षरात लावा. फुकट आहे, २४ तास, मराठीत बोलता येतं. रात्री २ वाजता ज्याला कोणी नाही त्याच्यासाठी तो आहे. कुणी जीव नकोसा झाल्याचं बोललं तर कोर्सबिर्स बाजूला ठेवा, त्या माणसाला एकटं सोडू नका.

एचआर_जळगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन महिने झाले म्हणून कळवते.

एम्प्लॉयी कोडचं लॉगिन बंद केलं. आता मला फक्त किती जण आले तो आकडा दिसतो, नावं नाही. व्हिडिओ पण बंद, त्याऐवजी शिफ्ट बदलताना १२ मिनिटं, पगारी वेळेत, कॅन्टीनमध्ये स्पीकरवर. आवाज आमच्याच रिटायर झालेल्या फोरमन नानांचा, समुपदेशक ताईंनी मजकूर दिला आणि नानांनी तो अहिराणीत सांगितला. पहिल्याच दिवशी नाना म्हणाले "आते दम सोडा रे भो, हळूहळू सोडा" आणि सगळे हसले, पण खरंच सोडला सगळ्यांनी. बाहेरच्या समुपदेशक आठवड्याला फोनवर असतात, परवा त्यांच्याकडे आलेल्या फोनचा आकडा पाहिला, १४. जानेवारीत शून्य होता.

नाईटचं मात्र झगडावं लागलं. सलग ७ च्या ४ केल्या, ३ ला प्लांट हेड अजून तयार नाहीत, मी सोडलेलं नाही. पॅनलवरचे ते दादा रोज पहिल्या बाकावर असतात, काही बोलत नाहीत, येतात.

आता अडलंय पॅकिंगच्या बायकांपाशी. त्यांची एरंडोलची बस ५:४० ला आहे, शिफ्ट सुटते ५:३० ला, आणि दुपारच्या सुट्टीत बिचाऱ्या जेवतील की ऐकतील. फिटरभाऊ, ताई, त्यांच्यासाठी कोणती वेळ धरू?