पिविगो + एनजिनएक्स: मोठ्या फोटोंच्या लघुप्रतिमा अर्धवट, आणि खाजगी फोटो थेट लिंकवर उघडे

गडवाट:
नमस्कार मंडळी. ट्रेकिंग ग्रुपच्या फोटोंसाठी पिविगो (फोटो गॅलरीचं सॉफ्टवेअर) बसवलं आहे. व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) १ जीबी रॅमचा, डेबियन १२ लिनक्स, वेब सर्व्हर एनजिनएक्स, पीएचपी चालवायला पीएचपी-एफपीएम ८.२, डेटाबेस मारियाडीबी, फोटो लहान करायला इमेजमॅजिक. मोबाइलवरचे फोटो ठीक दिसतात. पण २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या फोटोंचा नवा अल्बम उघडला की काही लघुप्रतिमा येतात, बाकीच्यांच्या जागी तुटकं चित्र, लॉगमध्ये ५०२ (एनजिनएक्सला पीएचपीकडून नीट उत्तर न मिळाल्याची चूक). कधी कधी डेटाबेसच बंद पडतो. पान रिफ्रेश केलं की आणखी थोड्या दिसतात. अपलोडची मर्यादा एनजिनएक्स आणि पीएचपी दोन्हीकडे ६४ एमबी केली, फरक नाही.
दुसरं म्हणजे, सदस्यांपुरत्या ठेवलेल्या अल्बममधल्या मूळ फोटोची लिंक लॉगिन न करताही उघडते. हे कसं बंद करायचं?

पेंग्विनप्रेमी:
अपलोडच्या मर्यादेचा इथे संबंध नाही. ती कमी पडली असती तर ४१३ (फाइल फार मोठी) आला असता. तुमची मेमरी संपते आहे. ‘डीमेसेज’ ही आज्ञा चालवून ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा, कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) कोणती प्रक्रिया मारली ते तिथे नावानिशी दिसेल.

फाइल १० एमबीची आहे याला अर्थ नाही, उघडल्यावर हिशोब पिक्सेलचा होतो. ६०००×४००० म्हणजे २.४ कोटी पिक्सेल. डेबियनमधलं इमेजमॅजिक दर पिक्सेलला ८ बाइट घेतं, म्हणजे एका फोटोला सुमारे १९२ एमबी. नवा अल्बम उघडला की ब्राउझर अनेक लघुप्रतिमा एकदम मागतो आणि एफपीएमचे मूळ सेटिंग एका वेळी ५ पर्यंत कामगार (पीएचपीच्या प्रक्रिया) चालवतं. पाच गुणिले १९२ म्हणजे ९६० एमबी, त्यात मारियाडीबी आहेच. रिफ्रेशनंतर थोड्या वाढतात, कारण एकदा तयार झालेली लघुप्रतिमा डिस्कवर साठते.

एफपीएमच्या पूल फाइलमध्ये (कामगारांची सेटिंग तिथे असतात) ‘पीएम.मॅक्स_चिल्ड्रन’, म्हणजे कामगारांची कमाल संख्या, २ करा. पण तेवढंच बदललंत तर एफपीएम सुरूच होणार नाही: ‘डायनॅमिक’ पद्धतीत ‘मॅक्स_स्पेअर_सर्व्हर्स’ (मोकळ्या कामगारांची कमाल संख्या) मुळात ३ असतं आणि ते एकूण कामगारांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणून ‘पीएम’ला ‘ऑनडिमांड’ (गरजेपुरते कामगार) द्या. आता विनंत्या रांगेत थांबतील, आणि एनजिनएक्स ६० सेकंदांनी कंटाळून ५०४ (वेळ संपली) देईल. तेव्हा ‘फास्टसीजीआय_रीड_टाइमआउट’ १८० सेकंद ठेवा. सोबत २ जीबी स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) हवीच. तिला परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) द्या आणि ‘एफस्टॅब’मध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कची यादी) नोंद करा, नाहीतर रीबूटनंतर ती गायब.

सह्यकडा:
वरचं सगळं बरोबर. त्यात भर: पाहुण्यांनी अल्बम उघडण्याची वाट कशाला पाहायची? अपलोड झाल्यावर पिविगोच्या बॅच मॅनेजरमधून लागणारे सगळे आकार आधीच तयार करून घ्या. जे आकार कुणी पाहत नाही ते फोटोंच्या आकारांच्या सेटिंगमध्ये बंद करा, डिस्कही वाचेल. अपलोड होतानाच मूळ फोटो लहान करण्याची सोय आहे, पण ती वापरली तर सर्व्हरवर मूळ प्रत उरत नाही. छापायला फोटो लागणार असतील तर त्या वाटेला जाऊ नका.

गडवाट:
धन्यवाद! डीमेसेजमध्ये खरंच तसंच दिसतंय. कामगार २ केले, स्वॅप दिला, आता पान सावकाश पण पूर्ण येतं. खाजगी फोटोंचं काय?

तटबंदी:
पिविगोची परवानगी पीएचपीमधून तपासली जाते. ‘अपलोड’ फोल्डरमधली जेपीजी फाइल एनजिनएक्स स्वतःच देऊन टाकतो, पीएचपीला विचारतच नाही. आणि ‘.एचटीअ‍ॅक्सेस’ (अपाचे सर्व्हरची नियमांची फाइल) तिथे ठेवून उपयोग नाही, एनजिनएक्स ती फाइल वाचत नाही.

क्रम महत्त्वाचा. आधी ‘लोकल/कॉन्फिग’मधल्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘ओरिजिनल_यूआरएल_प्रोटेक्शन’ला ‘ऑल’ किंमत द्या. मग मूळ फोटोच्या लिंक ‘अ‍ॅक्शन.पीएचपी’मधून जातात आणि तिथे परवानगी तपासली जाते. त्यानंतर एनजिनएक्समध्ये ‘/अपलोड/’साठी लोकेशन ब्लॉक (त्या पत्त्यापुरते नियम) लिहून आत ‘डिनाय ऑल’ (सर्वांना मनाई). उलट केलंत तर सदस्यांनाही मूळ फोटो मिळणार नाहीत.

लोकेशनपुढे ‘^~’ विसरू नका. जेपीजींच्या कॅशिंगसाठी रेगेक्सचा (नमुन्यावरून पत्ते जुळवणारा) ब्लॉक असेल तर साध्या उपसर्गाच्या ब्लॉकवर तो मात करतो आणि तुमची मनाई कागदावरच राहते. हीच चूक सर्वात जास्त दिसते. ‘गॅलरीज’ फोल्डर वापरत असाल तर त्यालाही हाच ब्लॉक. ‘एनजिनएक्स -टी’ने तपासून रीलोड करा, आणि लॉगिन नसलेल्या ब्राउझरमधून जुनी लिंक उघडा: ४०३ (प्रवेश नाही) यायला हवा.

एक मर्यादा लक्षात ठेवा. तयार झालेल्या लहान प्रती ‘_डेटा/आय’मध्ये असतात आणि त्या थेटच दिल्या जातात. अपलोड केलेल्या फाइलच्या नावात वेळ आणि यादृच्छिक दिसणारी अक्षरं असल्याने अंदाजाने सापडणं कठीण, पण सदस्याने लिंक बाहेर दिली तर उघडतील. म्हणून खाजगी अल्बम असलेल्या साइटवर सर्वांत मोठे दोन आकार बंद ठेवलेले बरे. आणि बॅकअपमध्ये ‘_डेटा’ घेऊ नका, ते पुन्हा तयार होतं. ‘अपलोड’, ‘लोकल’ आणि डेटाबेसचा डंप (सगळ्या नोंदींची प्रत) मात्र एकाच वेळचा हवा.