चर्चा : बाळाला भरवायचं कधीपर्यंत? ताटात हात घालू द्या की त्याला!

रावेरची_लेक
माझी मुलगी 8 महिन्यांची आहे. गेल्या रविवारी घरी वरण-बट्टी होती. बट्टीचा तुकडा वरणात भिजवून तिच्या ताटलीत ठेवला आणि मी हात मागे घेतला. तिने आधी नुसतं चिवडलं. मग तुकडा मुठीत आवळला, मूठ तोंडाशी नेली आणि रडायलाच लागली. खाऊ मुठीच्या आत अडकलेला आणि मूठ काही उघडता येईना! या वयात वस्तू सगळ्या पंजाने धरतात, चिमटीत उचलणं नवव्या-दहाव्या महिन्याच्या आसपास जमायला लागतं. पुढचा तुकडा मी बोटाएवढा लांब दिला. अर्धा मुठीबाहेर राहिला आणि तेवढा तिने चोखून-चोखून संपवला. तिचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

मला म्हणायचंय ते असं. आपल्याकडे मामाच्या हातून उष्टावण होतं आणि तिथून पुढे चार-चार वर्षं पोराच्या हाताला अन्न लागू देत नाहीत. समोर मोबाइल, मागे आई वाटी घेऊन, ‘एवढाच घास, शेवटचा घास’. त्या पोराला आपलं पोट भरलं हे कळणार कधी? सहा महिने पूर्ण झाले, मान सावरली, आधाराने बसता आलं, जीभ घास बाहेर ढकलेनाशी झाली, की जेवण त्याच्या हातात द्या. सांडेल. सांडू द्या.

अमळनेरची_आजी
बाई, पाच नातवंडं या हातांनी वाढवली. भरवणं म्हणजे कोंबणं, असं तू गृहीत का धरतेस? घास कालवताना तो गरम आहे का, त्यात मिरचीचं बी आलंय का, हे बोटांनाच कळतं. माझी सासू म्हणायची, ‘पोऱ्या भुक्या शे का नही, हाई मायना हातले समजस.’ काऊचा घास, चिऊचा घास म्हणत पोर मांडीवर जेवतं तेव्हा ते नुसतं जेवत नाही, बोलायला शिकतं, माणसं ओळखायला शिकतं. आणि दादर ज्वारीची भाकरी मातीत पडलेली पाहिली की माझा जीव तुटतो. ज्यांनी दुष्काळाची वर्षं काढली त्यांना ‘सांडू द्या’ म्हणणं जमत नाही.

शिरपूरकर_सुनंदा
आजींना शंभर टक्के पाठिंबा. मी कापूस वेचायला जाते. सकाळी सातला घर सोडायचं असतं. बाळ अर्धा तास ताटाशी खेळणार, मग मी त्याला धुणार, जमीन पुसणार, कपडे बदलणार, हे कोणत्या वेळेत? आणि मे महिन्यात आपल्याकडे 44-45 अंशांत वरण-भात किती वेळ टिकतो? सांडलेलं, चिवडलेलं संध्याकाळी परत देता येत नाही. ही सगळी हौस ज्यांच्या घरी दुसरं माणूस आहे त्यांची.

रावेरची_लेक
सुनंदाताई, सकाळचं राहू द्या. दिवसातून एकदाच, संध्याकाळी तुम्ही स्वतः जेवायला बसता तेव्हा त्याला शेजारी बसवा. वेगळं काही रांधायचं नाही. मीठ-मिरची टाकायच्या आधी त्याचं भरीत बाजूला काढायचं, एवढंच. केळं तर आपल्या दारातलं आहे. खालचं अर्धं साल तसंच ठेवलं तर हातातून निसटत नाही.

धुळ्याचा_मामा
माझी हरकत वेगळी आहे. लग्नाच्या पंगतीत माझ्या दीड वर्षाच्या भाच्याने भाजलेले शेंगदाणे तोंडात टाकले. ठसका लागला, खोकून निघाला, निभावलं. पण ते दोन मिनिटं मी विसरलेलो नाही. ‘जेवण हातात द्या’ असं लिहिताना काय देऊ नये तेही लिहा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, कच्च्या गाजराचे तुकडे, अख्खी द्राक्षं नकोत. द्राक्ष उभं चिरून द्या, दाण्याचं कूट करून पातळ कालवून द्या. मध वर्षाच्या आत बोटभरसुद्धा नको.

आणि फरक ओळखा. बाळ ओकारीसारखं करतं, लाल होतं, आवाज करतं, तेव्हा ते स्वतःच घास पुढे ढकलत असतं. आपण शांत राहायचं, तोंडात बोट घालायचं नाही, त्याने घास आणखी आत जातो. पण बाळाचा आवाजच बंद झाला, रडता येईना, ओठ निळे पडले, तर घास अडकलाय. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर हातावर पालथं, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने 5 थापा. मग उताणं करून छातीच्या मधोमध 5 दाब. दुसऱ्या माणसाने तोवर 108 ला फोन. घास निघेपर्यंत थापा आणि दाब आलटून-पालटून. हे घरातल्या प्रत्येकाला आलं पाहिजे, आजोबांनासुद्धा.

रावेरची_लेक
मामा, हे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, चूक झाली. एक मात्र सांगते. न्यूझीलंडमध्ये 206 कुटुंबांचा अभ्यास झाला, 2016 मध्ये छापून आला. हाताने खाणाऱ्या आणि चमच्याने भरवलेल्या बाळांत घास अडकण्याचं प्रमाण सारखंच निघालं. पण तिथल्या आईबापांना धोक्याचे पदार्थ आधी शिकवलेले होते, हेही खरं.

धुळ्याचा_मामा
तेच तर म्हणतोय.

धडगावची_ताई
मी अंगणवाडीत काम करते. तुम्हा दोघींचं वाचून राहवलं नाही. आमच्या पाड्यांवर प्रश्न ‘कोण भरवतं’ हा नसतो, पोटात काय गेलं हा असतो. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधातून मिळणारं लोह पुरत नाही, जन्मापासूनचा साठाही संपत आलेला असतो. वजन कमी असलेलं बाळ हातात केळं देऊन सोडून दिलं तर ते दोनदा चाटतं आणि थकतं. त्याला भरवावंच लागतं, बसून, डोळ्यात बघून. 6 ते 8 महिन्यांत दूध चालू ठेवून दिवसातून 2-3 वेळा, नंतर 3-4 वेळा. घट्ट वरण, अंडं, तेल-तूप घातलेली खिचडी. पाण्यासारखं वरण पाजून पोट भरतं, वजन वाढत नाही.

पण आजी, तुमच्या पिढीची एक गोष्ट मी रोज मोडायला सांगते. मोठ्यांच्या ताटातला घास बाळाला देणं. त्याची वाटी वेगळी ठेवा. एकाच ताटात चार भावंडं बसली की लहान्याने किती खाल्लं हे कोणालाच कळत नाही. आई शेतातून येते, मोठी बहीण म्हणते ‘खाल्लं त्याने’, आणि महिनाभराने वजनकाटा दुसरंच सांगतो.

अमळनेरची_आजी
वाटीचं पटलं. आमच्याकडे एकाच परातीत काला व्हायचा, कोणी किती खाल्लं ते खरंच कळायचं नाही. पण मांडीवर घेऊन भरवू नये हे मी मानणार नाही.

रावेरची_लेक
आजी, मांडी सोडू नका. ताईंचं वाचून मीही बदलतेय. आता एका हाताने ती खाणार, दुसऱ्या बाजूने मी खिचडीचा चमचा देणार. भरवायचंच नाही, असं यापुढे म्हणणार नाही. फक्त तिने तोंड फिरवलं की वाटी खाली ठेवायची, ‘एवढाच घास’ नाही. यावर मी मागे हटणार नाही.

शिरपूरकर_सुनंदा
काल रात्री करून पाहिलं. खाली जुनं पोतं अंथरलं, बाळाच्या अंगावर नुसती चड्डी ठेवली. तीन तुकडे खाल्ले, बाकी कोंबड्यांना. मला पंधरा मिनिटं लागली. रोज जमणार नाही, आठवड्यातून दोनदा जमेल.

अमळनेरची_आजी
रावेरच्या पोरी, ती बट्टी तू तळून देतेस का नुसती उकडलेली? तळलेलीची कड टणक होते. बोळक्या तोंडाला कशी चावणार?

रावेरची_लेक
उकडलेलीच देते, आजी. तळायच्या आधी दोन काढून ठेवते. वरणात मुरल्यावर अंगठा आणि बोटात दाबून बघते. सहज चेपली तरच तिच्या ताटलीत जाते.