हेवीवेट बॉक्सिंगमध्ये सगळ्यात जास्त वाया कोण गेला? माझं मत: टायसन नव्हे, रिडिक बो

विजापूर_वेस (धागाकर्ता)
पार्क मैदानाबाहेर चहाला बसलं की विषय कुस्तीवरून निघतो आणि टायसनवर जाऊन अडकतो. ‘त्यानं स्वतःची वाट लावून घेतली, नाहीतर...’ हे ऐकून कान किटले. नाहीतर काय? 1986 मध्ये विसाव्या वर्षी जगज्जेता. पुढच्या वर्षी जगज्जेतेपदाचे तिन्ही पट्टे कमरेला. 1988 मध्ये मायकल स्पिंक्सला 91 सेकंदांत आडवा केला. ह्याला वाया जाणं म्हणत असाल तर आपण सगळे काय आहोत?

वाया गेला तो रिडिक बो. सव्वासहा फुटांच्या वर उंची, सरळ आणि जड जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), आणि एवढा धिप्पाड असून अंगाला अंग लावून अपरकट (खालून वर हनुवटीवर येणारा ठोसा) मारण्यात पटाईत. असं मिश्रण फार कमी हेवीवेटमध्ये दिसतं. मागे एडी फचसारखा वस्ताद, ज्यानं फ्रेझिअर आणि नॉर्टनसारखे जगज्जेते घडवले. नोव्हेंबर 1992 मध्ये तेव्हाचा जगज्जेता होलीफिल्डला बारा राऊंड लढून हरवलं. त्यातला दहावा राऊंड बघाच. आधी बो होलीफिल्डला जवळजवळ संपवतो आणि त्याच राऊंडात होलीफिल्ड उलटून त्याच्यावर तुटून पडतो.

आणि मग? महिन्याभरात साहेब लंडनला गेले आणि पट्ट्याचा दावेदार लेनॉक्स लुईसशी लढण्याऐवजी पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला. नंतर उतरणीला लागलेला डोक्स आणि जेसी फर्ग्युसन अशा दोन सोप्या लढती. होलीफिल्डशी दुसऱ्यांदा उभा राहिला तेव्हा वजन 235 पौंडांवरून 246 वर, आणि हरला. 1996 मध्ये गोलोटाशी दोन लढती झाल्या. दोन्हींत बो गुणांवर मागे होता, गोलोटा कमरेखाली मारत राहिला म्हणून बाद झाला आणि बो ‘जिंकला’. तिशीच्या आत खेळ खलास.

तालमीतला_गडी
मालक, पट्टे मोजून काय कळतंय? टायसनकडे जे होतं ते बाविसाव्या वर्षीच सुटलं. त्याचा वस्ताद कस डामाटो 1985 मध्ये गेला. नंतरचा प्रशिक्षक केविन रूनीला 1988 मध्ये यानं स्वतःच काढून टाकलं. त्यानंतरचा टायसन बघ बे, डोकं हलत नाही, जॅब नाही, एक ठोसा मारायचा आणि मिठी मारायची.

फेब्रुवारी 1990 ची टोकियोची लढत घे. बस्टर डग्लसच्या माराने टायसनचा डोळा सुजत चाललाय आणि कोपऱ्यातल्या माणसांकडं सूज दाबायचं साधं लोखंड नाही! रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून डोळ्यावर धरलंय. जगज्जेत्याचा कोपरा हा. दहाव्या राऊंडला पडल्यावर गुडघ्यावर रांगत दातांची पट्टी शोधतोय, ती पण कशीबशी तोंडात कोंबलेली.

आमच्या तालमीत एक होता. वस्ताद असेपर्यंत पहाटे चारला आखाड्यात. वस्ताद गेले आणि ह्याच्या भोवती फटफट्यांवरची पोरं जमली. जत्रेत इनामाच्या चार कुस्त्या मारायच्या, रात्री धाब्यावर बसायचं. सराव बंद, खुराक मात्र तसाच. टायसनचं दुसरं काय झालं?

विजापूर_वेस
तुझ्या त्या गड्यानं महाराष्ट्र केसरी मारली होती का आधी? टायसननं त्याच्या तोलाचं मारून ठेवलं होतं. फरक तिथंच आहे.

जुनी_मिल_चाळ
दोघांनाही एक सांगते. ‘टायसनची तीन वर्षं तुरुंगात गेली’ असं जे लोक हळहळत म्हणतात, ते अपघातात पाय मोडल्यासारखं म्हणतात. 1992 मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरून शिक्षा झाली होती. वाया गेलेल्यांचा हिशोब मांडताना ते साल ‘दुर्दैव’ ह्या रकान्यात घालू नका.

तालमीतला_गडी
ताई, मी दुर्दैव म्हणालोच नाही. माझा मुद्दा 1990 लाच संपतो.

कडक_भाकरी
आयके इबियाबुची कुणी घेतला नाही? नायजेरियाचा, 1999 पर्यंत 20 लढती, 20 विजय. 1997 मध्ये डेव्हिड तुआशी बारा राऊंड. दोघांनी मिळून 1,730 ठोसे मारले, हेवीवेटमध्ये तेव्हाचा विक्रम. 1999 मध्ये ख्रिस बर्डला पाचव्या राऊंडला उडवलं, आणि त्याच वर्षी लास वेगासमध्ये लैंगिक अत्याचाराच्या आरोपाखाली अटक. पुढची अनेक वर्षं गजाआड.

जुनी_मिल_चाळ
परत तोच रकाना.

चाटी_गल्ली
तुम्ही सगळे बॉक्सरलाच धरून बसलाय. ऐंशीच्या दशकातली ती अख्खी पिढी बघा: विदरस्पून, ग्रेग पेज, पिंकलन थॉमस, टोनी टब्स. हात असे की एकेकाला चार वर्षं पट्टा सांभाळता आला असता. जुलै 1986 मध्ये विदरस्पून जगज्जेता म्हणून वेम्बलीत गेला, ब्रुनोला त्याच्या घरात अकराव्या राऊंडला थांबवलं. हातात पडले सुमारे 90 हजार डॉलर. हरलेल्या ब्रुनोला सुमारे 9 लाख! प्रमोटर डॉन किंग, आणि मॅनेजर त्याचाच सावत्र मुलगा. डिसेंबरात तोच विदरस्पून बोनक्रशर स्मिथसमोर पहिल्याच राऊंडात गेला. पुढे किंगला कोर्टात खेचलं, तडजोडीत पैसे घेतले, पण उमेदीची वर्षं कोण देणार?

आमच्या गल्लीत तीन पिढ्या हिशोब लिहितायत. जिंकणाऱ्यापेक्षा हरणाऱ्याला दहापट देणारा धंदा कुठल्या वहीत बसत नाही.

विजापूर_वेस
हिशोब पटला. पण डोक्सच्या नाकात कोकेन काय डॉन किंगनं घातलं? लॅरी होम्स पण त्याच किंगच्या हाताखाली होता. कुरकुर करत का होईना, सात वर्षं पट्टा राखला की.

चाटी_गल्ली
होम्स एक निघाला म्हणून बाकीच्यांची लूट माफ होत नाही, अण्णा.

अक्कलकोट_रोड
मला तर अँडी रुईझ आवडतो. जून 2019 मध्ये जगज्जेत्या जोशुआला पाडून अख्खी दुनिया हलवली, डिसेंबरात परतीच्या लढतीला आला तेव्हा 268 चा 283 पौंड झालेला. पार्ट्या केल्या म्हणून स्वतःच सांगितलं. डग्लसचं पण तेच. टोकियोनंतरच्या पहिल्याच लढतीत 246 पौंड, तिसऱ्या राऊंडला चित. पण ही माणसं वाया गेली असं नाही वाटत. कुवतीपेक्षा जास्त एका रात्रीत करून बसली.

विजापूर_वेस
रुईझचं मान्य. डग्लसचं नाही. टोकियोत त्याची आई वारून महिना पण झाला नव्हता, आणि तो जॅब बघ. तो माणूस नेहमी तसाच लढू शकत होता, लढला एकदाच. माझ्या यादीत बोच्या खालोखाल डग्लस.

निवृत्त_मास्तर
स्टिव्हन्सनचं काय करायचं? 1972, 76, 80, तीन ऑलिंपिक सुवर्णं, आणि क्युबा सोडून व्यावसायिक झालाच नाही. आपले हवा सिंग, आशियाई खेळांत 1966 आणि 1970 ची सुवर्णं. ह्यांना अर्धवट म्हणणार का?

विजापूर_वेस
सर, त्यांनी समोर ठेवलेलं सगळं उचललं. बोच्या समोर लुईस ठेवला होता, तो त्यानं उचलला नाही.

तालमीतला_गडी
कारण 1988 मध्ये सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत लुईसनं बोला दुसऱ्या राऊंडात थांबवलं होतं. घाबरला, सरळ आहे. घाबरणाऱ्याला कसली कुवत बे?

विजापूर_वेस
घाबरट माणूस होलीफिल्डसमोर तीनदा उभा राहत नाही. 1995 ची तिसरी लढत बघ आधी. सहाव्याला बो खाली, आठव्याला होलीफिल्ड संपला. मग ये उद्या पार्कवर, बोलू.