धुराड्याला फिल्म गुंडाळा, वीज फुकट?

तापीकाठ: उष्णतेच्या फरकातून वीज करणाऱ्या फिल्मबद्दल काल इथे दावा वाचला: 'पेडॉट-पीएसएस या वीजवाहक पॉलिमरमध्ये बिस्मथ टेल्युराइड या उष्णतेची वीज करणाऱ्या संयुगाची नॅनोपूड घातली की झेडटी (उष्णतेची वीज करण्याच्या क्षमतेचा आकडा) १ च्या वर. जळगावच्या दालमिलांनी ड्रायरच्या धुराड्याला ही फिल्म गुंडाळावी.' काय भो! नुसत्या मिश्रणाचा झेडटी त्यातल्या चांगल्या घटकाच्या वर जात नाही, हे बर्गमन-लेव्ही या संशोधकांनी १९९१ मध्येच गणिताने दाखवलंय. बिस्मथ टेल्युराइड स्वतःच खोलीच्या तापमानाला १ च्या आसपास.

एरंडोली: अर्धं सांगू नका. ते गणित दोन घटकांच्या सीमेवर काही घडत नाही असं धरून चालतं. २०१० मध्ये बर्कलीत टेल्युरियमच्या नॅनोकांड्यांवर पेडॉट-पीएसएस चढवून ०.१ च्या आसपास मिळाला, दोन्ही घटकांपेक्षा जास्त. कमी ऊर्जेचे विद्युतभार-वाहक सीमेवर अडले म्हणून की पॉलिमरच्या साखळ्या नीट रचल्या गेल्या म्हणून, वाद त्यावर आहे.

तापीकाठ: ०.१! दावा १ चा होता. आणि २०१३ मध्ये पूड न घालताच, डीएमएसओ हा द्रावक मिसळून नि एथिलीन ग्लायकॉलने वीज न वाहणारं जादा पीएसएस धुऊन ०.४२ गाठला. मग महाग पूड कशाला?

यावल_लॅब: पूड घालायचीच तर आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने वरचा ऑक्साइड काढा, नाहीतर कण पॉलिमरशी विजेने जोडलेच जात नाहीत. पॉलिमरचं द्रावण ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून, ५ टक्के डीएमएसओ घालून मगच पूड टाका. उलट केलं तर फिल्टर तुंबतो. सोनिकेशन (ध्वनिलहरींनी पूड विखुरणं) बर्फात. लगेच ओता, पूड तळाला बसते. आणि मोजा कोरड्या हवेत! दमट फिल्ममध्ये आयनांमुळे सीबेक (अंशाच्या फरकामागे मिळणारा व्होल्टेज) फुगतो. विजेचं वहन फिल्मच्या पातळीत नि उष्णतेचं जाडीत मोजलं, तर झेडटी कितीही काढता येतो.

भुसावळ_शेड: झेडटीवर भांडताय, गुंडाळण्याचा हिशेब कुणी केलाय? १० मायक्रॉनची फिल्म, बाहेर स्थिर हवा. उष्णतेला मुख्य अडथळा हवेचा, फिल्मच्या तीनेक हजार पट. १०० अंशांच्या फरकातले फिल्मच्या वाट्याला अंशाचे तीन-चार शतांश!

एरंडोली: गुंडाळू नका, पट्ट्या उभ्या लावा, म्हणजे उष्णता जाडीतून नाही, लांबीतून जाईल. थंड टोकाला पाणी फिरवा.

भुसावळ_शेड: पाणी? मे महिन्यात, आमच्याकडे? कूलरचा पंपच १८ वॅट खातो. बाजारातलं ४० मिलिमीटरचं बिस्मथ टेल्युराइड मॉड्यूल ६० अंशांच्या फरकावर वॅटभर देताना धापा टाकतं. तुमची फिल्म काय देणार? हवेने थंड करायचं तर बाहेर ४५ अंश, सिंक (उष्णता हवेत सोडणारा भाग) त्याहून गरम.

एरंडोली: उन्हाळ्याचं तुणतुणं पुरे! दालमिल हिवाळ्यात बंद असते का? १२० अंशांचं धुराडं, १० अंशांची हवा: ०.४ झेडटीला आदर्श कार्यक्षमता पावणेतीन टक्के. ४५ अंशांना पावणेदोन.

तापीकाठ: कागदावर. जोडांवरच्या संपर्करोधाने त्यातलं निम्मंही उरलं तर पेढे वाटा.

यावल_लॅब: बरं, बेअरिंगवरच्या तापमान सेन्सरला मायक्रोवॅट पुरवायला चालेल, एवढं देतो. तेही चांदीच्या पेस्टने टोकं जोडून आणि ओलाव्यापासून सीलबंद करून. दालमिलच्या वीजबिलाचं नाव काढू नका.

एरंडोली: आभारी आहे. मायक्रोवॅट तरी मंजूर झाले.