उत्रेख्तच्या मध्यवर्ती भागात परवडणारी खोली : मदत हवी आहे

नमस्कार. मी नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठात शिकते आणि सध्या शेजारच्या न्यूवेखाइन गावात ओळखीच्या मराठी कुटुंबाकडे राहते; मात्र पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे आजी-आजोबा येणार असल्याने मला विटेव्राउवेन किंवा लोम्बोक या, शहराच्या मध्यभागाला लागून असलेल्या वस्त्यांत खोली हवी आहे.

काल विटेव्राउवेनमध्ये एक खोली पाहिली. जिना इतका उभा की दोरीला धरून चढावे लागले, पलंगामुळे कपाटाचे दार अर्धेच उघडत होते, पण खिडकीतून डोम टॉवरचे टोक दिसले आणि, खरे सांगायचे तर, मी मनाने तिथे राहायलाच गेले. अडचण अशी, की मालक तीन महिन्यांचे भाडे अनामत मागतात आणि त्या पत्त्यावर नगरपालिकेत नाव नोंदवू देणार नाहीत. १ जुलै २०२३ पासूनच्या करारांत अनामत महिन्याच्या मूळ भाड्याच्या दुपटीहून अधिक घेता येत नाही, हे त्यांना सांगावे की खोलीच सोडून द्यावी?

खोलीला मिळणाऱ्या गुणांनुसार (पॉइंट्सनुसार) भाडे योग्य आहे का, हे ‘हूरकोमिसी’ या भाडेविषयक लवादाकडून कोणी तपासून घेतले आहे का, आणि त्यानंतर मालकाची वागणूक कशी राहिली?

तसेच, घरातले जुने रहिवासीच नवा सोबती निवडतात त्या ‘हॉस्पिटेरावोंट’ या संध्याकाळच्या भेटीला मोडक्यातोडक्या डचवर निभावते का? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.