एन. डी. सरांचं स्मारक बेळगावात हवं, पण कुणी उभारायचं?

खानापूरकर: एन. डी. पाटील सर गेले तो दिवस १७ जानेवारी २०२२, म्हणजे बेळगावचा सीमाभाग महाराष्ट्रात राहावा म्हणून लढताना गेलेल्यांचा आपला हुतात्मा दिन. हुतात्मा चौकात अभिवादन करून घरी आलो आणि कोल्हापूरहून बातमी आली. सर शेकापचे, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे, १९७८ साली महाराष्ट्राचे सहकारमंत्री झाले. आपली मतं पडतात कर्नाटकात, त्यांना त्याचा काडीचा उपयोग नव्हता. तरी पाय थकेपर्यंत सीमाभागात येत राहिले. महाराष्ट्र सरकारनं बेळगावात त्यांचं स्मारक करावं. आणि सीमालढ्यातला जुना कार्यकर्ता गेला की शासकीय इतमाम मिळावा. बाळासाहेब ठाकरे कुठल्याच सरकारी पदावर नव्हते, २०१२ साली शिवाजी पार्कवर मानवंदना मिळालीच की.

निपाणीची लेक: दादा, सरांबद्दल दुमत नाही. पण मानवंदना म्हणजे पोलिसांच्या बंदुका. १७ जानेवारी १९५६ ला आमच्या निपाणीत कमळाबाई मोहिते गेल्या त्या पोलिसांच्या गोळीबारातच. तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, म्हैसूरला जोडला तो त्याच वर्षी १ नोव्हेंबरला. बंदुका आपल्याच राज्याच्या होत्या! आमच्या माणसाच्या तिरडीपुढं त्या बंदुकांचा आवाज मला नको.

येळ्ळूरचा शेतकरी: आणि इथं अंत्यविधी झाला तर इतमाम द्यायचा कर्नाटकानं. देतील? २०२२ मध्ये उमेश कत्ती गेले, बेल्लद बागेवाडीत शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. ते तर वेगळं उत्तर कर्नाटक राज्य मागायचे. तरी मान मिळाला, कारण ते मंत्री होते. सरकारचा मान खुर्चीला असतो हो.

खानापूरकर: ताई, कमळाबाईंचं वाचून गप्प बसलो. इतमामाची मागणी सोडतो. स्मारकाची नाही. सीमाभागातल्या ८६५ गावांवर हक्क सांगणाऱ्या महाराष्ट्र सरकारनं एका माणसाची आठवण तरी जपावी.

निपाणीची लेक: जपावी, पण पुतळा नको. पुतळ्यावरून पुन्हा परवानगी, बंदोबस्त आणि पोरांवर केसी. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात सीमाभागासाठी महाराष्ट्राचा दावा आहे. त्यात नेमकं काय मागितलंय हे माझ्या कॉलेजातल्या भाच्याला सांगता येत नाही. सरांच्या नावानं अभ्यासिका काढा, दाव्याची कागदपत्रं सोप्या मराठीत तिथं ठेवा.

येळ्ळूरचा शेतकरी: अभ्यासिका चालेल. फक्त पैसा सरकारचा नको, गावोगावच्या वर्गणीचा हवा. मंत्री बदलला की अनुदान थांबतं.

खानापूरकर: वर्गणी काढूच. पण महाराष्ट्राला मोकळं सोडायला मी तयार नाही.