इलेक्ट्रिक स्टिअरिंग आणि बॅटरी

स्टिअरिंग फिरवायला हलकं करणारं पॉवर स्टिअरिंग दोन प्रकारचं: हायड्रॉलिक ऑइलच्या दाबावर चालतं, इलेक्ट्रिक मोटरवर. इलेक्ट्रिकमध्ये पंप नाही, ऑइल नाही, म्हणून बिघडायला काही नाही, असं काहीजण म्हणतात. अर्धं पटलं. हायड्रॉलिकचा पंप बेल्टवर इंजिनासोबत सतत फिरतो, सरळ रस्त्यावरही इंजिनाची ताकद खातो. इलेक्ट्रिकमध्ये टॉर्क सेन्सर हाताचा जोर मोजतो आणि मोटर लागेल तेवढाच करंट घेते. पण तो करंट येतो १२ व्होल्टची बॅटरी आणि अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) यांच्याकडून, आणि गाडी जागेवर असताना चाकं वळवली की तो सगळ्यात जास्त लागतो.

मागच्या मे महिन्यात नागपुरात इतवारीत गाडी लावताना माझं स्टिअरिंग एकदम जड झालं, डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्यानं थेट पूर्ण स्टिअरिंग कॉलम (स्टिअरिंगच्या चाकाला जोडलेला दांडा) बदलायला सांगितलं. दुसऱ्याकडं व्होल्टेज मोजलं तर बॅटरी बसलेली, टर्मिनलवर गंज. बॅटरी बदलली, दिवा गेला, स्टिअरिंग पूर्ववत. नागपूरच्या ४५ डिग्रीत बॅटरी लवकर म्हातारी होते, म्हणून मोठ्या खर्चाला हो म्हणायच्या आधी ती तपासून घ्याच. आणि दोन्ही प्रकारांत स्टिअरिंग टोकापर्यंत वळवून दाबून धरू नका. एकात ऑइल तापतं, दुसऱ्यात मोटर.